भामाबाई पडली नव्हती

एकतीस वर्षं मी कोर्टात पट्टेवाला होतो. दारात उभं राहून पुकारा करायचा, साहेबांना पाणी द्यायचं, फायली ह्या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. कुठलं कोर्ट ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. लोक म्हणतात रखमाजीआबा कुचकट बोलतो. बोलतो! तुम्हीही एकतीस वर्षं त्या दारात उभे राहा, मग बघू किती गोड बोलता ते.

कोर्टात सगळ्यांची बडदास्त असते. आरोपीला वकील असतो, नसला तर सरकार देतं. त्याला सगळे कागद फुकट मिळतात. त्याचं पोट दुखलं तरी तारीख पुढं जाते. ज्यानं मार खाल्लाय तो मात्र बाहेर बाकावर बसून असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही की बाबा तू आलास कशाला. भामाबाई अशीच त्या बाकावर येऊन बसली.

बेगडेवाडी स्टेशनापासून आत तीन किलोमीटरवर तिचं गाव. नवरा कंपनीत वॉचमन, घरचं दीड एकर भातखाचर. पण भामाबाईचं नाव होतं ते पोळ्यांसाठी. सोमाटण्याच्या एका मंगल कार्यालयात लग्नाच्या दिवशी ती तासाला दीडशे पोळ्या लाटायची, सगळ्या एका मापाच्या. आचारी आधी तारीख ठरवायचा नाही, आधी भामाबाई मोकळी आहे का ते विचारायचा.

तिच्या खाचराला लागून बाजीरावची जमीन. बाजीराव म्हणजे तिचा चुलत दीर, गावचा उपसरपंच, आणि वर तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. तंटे मिटवणारा अध्यक्ष! बाजीरावनं जमिनीचे प्लॉट पाडले आणि रस्त्यासाठी भामाबाईचा बांध खाल्ला. त्याचा मुलगा पप्पू बांधावर सिमेंटचे खांब रोवत होता. भामाबाईनं एक खांब उपटला. पप्पूच्या हातात लोखंडी पहार होती, ती त्यानं तिच्या उजव्या मनगटावर घातली. हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, पण बोटं मिटेनात. लाटणं धरणार कशानं?

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भामाबाई बांधावरून पडली. म्हातारपणी झेपत नाही तर बांधावर उड्या मारायच्या कशाला, असंही काहींनी म्हटलं. तेव्हा बाई सेहेचाळीस वर्षांची होती. हे 'पडली' तिला हाताहून जास्त लागलं. मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "आबा, त्याला जेल झाली काय न् न्हाई काय. सायबांनी एवढं म्हनावं, हिला मारलं, ही पडली न्हाई. बास."

पहिल्या तारखेला ती भिंतीवरच्या बोर्डात स्वतःचं नाव शोधत होती. मी बोट ठेवून दाखवलं, महाराष्ट्र शासन विरुद्ध पप्पू. ती म्हणाली, "आन् मी?" मी म्हटलं, "तू साक्षीदार नंबर एक." तिला वाटलं मी चेष्टा करतोय. हात हिचा मोडला आणि खटला शासनाचा! शासनाचं कुठलं हाड मोडलं होतं, मला आजवर कळलेलं नाही. बोलावल्याशिवाय यायची गरज नाही हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती प्रत्येक तारखेला यायची. मी सांगितलं तरी यायची. म्हणायची, मी न्हाई आले तर सायबांना वाटंल हिचं काय लागलंच न्हाई.

मध्ये एकदा पुण्याच्या कॉलेजातली मानसी नावाची मुलगी आली. पीडितशास्त्र शिकते म्हणाली. ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांचं कोर्टात काय होतं, याचा अभ्यास. मी म्हटलं, वा! मार खायचंही शास्त्र निघालं. तिनं भामाबाईपुढं छापील फॉर्म धरला. न्यायप्रक्रियेत आपला सहभाग कितपत आहे असं आपल्याला वाटतं, एक ते पाच. भामाबाईनं विचारलं, "पाच म्हंजे चांगलं का वाईट, बाय?" मुलगी म्हणाली, चांगलं. भामाबाईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग तुमीच घाला कायतरी, तुमाला मार्कं मिळत्यात न्हवं." मुलीनं तीन घातले. पोरगी वाईट नव्हती, तिनं आम्हा दोघांना चहा पाजला. पण तो तीनचा आकडा कुठल्यातरी पुस्तकात जाऊन बसला असेल आणि त्यावर कुणीतरी भाषण ठोकत असेल, या विचारानं माझं डोकं अजून उठतं.

साक्षीचं समन्स निघालं तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या तारखेचं. त्याच्या आधी नवरात्र आलं, आणि अष्टमीला बाजीरावची बायको लीलाबाई ओटीचं ताट घेऊन भामाबाईच्या दारात उभी राहिली. सोबत सून, समीक्षा. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं साग्रसंगीत. भामाबाईनं पाट मांडला आणि ओटी भरून घेतली.

हे तिनं मला स्वतः सांगितलं, आणि तेही हसऱ्या चेहऱ्यानं! माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि हे सगळं नदीत सोडून दिलं, त्यामुळं ह्या खण-नारळांपुढं माझी जीभ जरा सैलच सुटते. मी म्हटलं, "भामाबाई, अक्कल गहाण ठेवली का? ज्यांनी हात मोडला त्यांचा नारळ पदरात घेतलास?"

"आबा, ओटी घिऊन आलेल्या सवाष्णीला माघारी लावायची व्हय? आमच्यात तसं करत न्हाईत." मग ती माझ्याजवळ सरकली. "आन् ऐका तर खरं. ओटी भरताना लीलाक्का रडली. म्हनली, पोराचं चुकलं गं, पदरात घे. आबा, तिनं कबूल केलं! तीन वरसांत त्या घरातलं पयलं मानूस म्हनलं, चुकलं म्हनून. ती ओटी मी न्हाई घ्यायची तर कुनी घ्यायची?"

म्हणजे हिच्या हिशेबानं लीलाबाईनं ओटीत कबुलीजबाब दिला होता. आणि तेवढ्यात समीक्षानं मोबाईलवर फोटो काढला होता, स्टेटसला ठेवायला म्हणून. तो फोटो कोर्टात येणार हे मला तिथंच दिसलं. मी म्हटलं, सरकारी वकिलांना हे सगळं आधी सांग. ती सांगायला गेली. वकील नवीन आले होते, टेबलावर फायलींची चळत. त्यांनी तिचं नाव विचारलं, चुकीचं लिहून घेतलं आणि म्हणाले, बघू.

साक्षीच्या दिवशी मी पुकारा केला. भामाबाई पिंजऱ्यात चढली, डाव्या हातानं कठडा धरून. सरकारी वकिलांनी विचारलं, तिनं सांगितलं. खांब, पहार, मनगट. छान सांगितलं, एक शब्द इकडं तिकडं नाही. मग आरोपीचे वकील उठले. हा माणूस बोलताना नेहमी चष्मा पुसायचा, जणू समोरच्याचं खोटं त्याच्या काचेवर उडतंय. त्यांनी फोटो पुढं केला.

"ह्यात ओटी भरून घेणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

"व्हय."

"भरणाऱ्या कोण?"

"लीलाक्का. पप्पूची आई."

"राजीखुशीनं भरून घेतलीत?"

"व्हय, पन ती म्हनली..."

"हो की नाही, एवढंच."

"व्हय. पन सायेब, ऐका. तिनं भरताना म्हनलं, पोराचं चुकलं, पदरात घे. मी बांधावरनं पडले असते तर तिच्या पोराचं काय चुकलं असतं? पडलेल्या बाईची ओटी भराया कोन येतं का?"

तुम्हाला सांगतो, मी दारात ताठ झालो. एकतीस वर्षांत एवढा बिनतोड सवाल कुठल्या वकिलाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी सरकारी वकिलांकडं बघितलं. त्यांनी आता उठायचं होतं. ते पुढच्या केसची फाईल शोधत होते! आरोपीचे वकील म्हणाले, लीलाबाई काही साक्षीदार नाहीत, त्या काय म्हणाल्या ते घेता येणार नाही. साहेब म्हणाले, "बाई, विचारलं तेवढंच सांगा." आणि टायपिस्टला मजकूर सांगितला: आरोपीच्या आईकडून मी राजीखुशीने ओटी भरून घेतली हे खरे आहे. त्याखाली एक नेहमीचं वाक्य, मी बांधावरून पडून जखमी झाले हे म्हणणे खरे नाही. संपलं. तिचा सवाल कागदावर आलाच नाही.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांना नावं ठेवायची आणि आपलं झाकायचं हे मला जमत नाही. सही करण्याआधी साक्षीदाराला जबाब वाचून दाखवायचा असतो, काही राहिलं असेल तर तो सांगू शकतो. नियम आहे. मला पाठ आहे. दोन वाजायला आले होते, सगळ्यांना जेवायची घाई, मलाही. मी भामाबाईच्या डाव्या हातात पेन दिलं आणि म्हटलं, हितं कर सही. तिनं केली. मी डबा उघडून बसलो.

मग साक्षीदार नंबर दोन, बयाबाई. ही भामाबाईची मैत्रीण, कार्यालयात तिच्याच शेजारी पोळ्या लाटणारी. पहार बसली त्या दिवशी ती शेजारच्या वावरात खुरपत होती. कोर्टात म्हणाली, माझी पाठ होती, मला काही दिसलं नाही. भामाबाईनं तिलाही दोष दिला नाही. म्हणाली, "पाठ व्हती तिची, ती तरी काय करंल."

निकाल लागला तेव्हा मी नोकरीतून निवृत्त झालो होतो. भामाबाईला तारीखच कुणी कळवली नाही. पप्पूकडं फटाके वाजले तेव्हा तिला कळलं. ओळखीनं मी निकालपत्राची प्रत मिळवली आणि तिच्या ओट्यावर बसून वाचली. उभय कुटुंबांत सलोखा झाल्याचे फोटोवरून दिसते. फिर्यादी दगडी बांधावरून पडल्याने सदर इजा झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

"म्हंजे सायबांनीबी पडलीच लिवलं?"

अपील करता येतं, तुझ्या स्वतःच्या नावानं करता येतं, असं काहीतरी मी बडबडलो. ती ऐकत नव्हती.

"आबा, तुमी तर तितंच हुबं व्हता. मी काय म्हनलं ते तुमी ऐकलं न्हवं?"

"ऐकलं."

"मंग चला. कार्यालयातल्या बायांना सांगा. समद्या मला पडलेली म्हनत्यात. तुमी कोर्टातलं मानूस, तुमचं ऐकत्याल."

गेलो. दुसऱ्याच दिवशी, सोमाटण्याच्या कार्यालयात लग्न होतं तेव्हा. भटारखान्यात आठ-दहा बाया पोळ्यांना बसलेल्या, मध्ये बयाबाई. भामाबाई आता तिथं डाव्या हातानं भाज्या निवडते. मी पुकाऱ्याच्या आवाजात म्हटलं, "ऐका गं बायांनो! भामाबाई पडली नव्हती. पप्पूनं तिला पहार मारली. कोर्टात तिनं सरळ सांगितलं, पण लिहून घेतलं नाही. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

बायांनी माना वर केल्या. कुणाला नवल वाटलेलं दिसेना. बयाबाई म्हणाली, "आमाला काय ठावं न्हाई व्हय, आबा? मी तर डोळ्यांनी बगितलंय. पहार वर गेलेली बगितली, खाली आलेली बगितली."

"तुजी पाठ व्हती म्हनलीस," भामाबाई म्हणाली.

"कोर्टात म्हनले."

"मलाबी म्हनलीस. चार वरसं म्हनतीस. माज्या फुड्यात बसून पडली पडली म्हनतीस."

बयाबाईचं तोंड उतरलं. "माजी वाट त्यांच्या वावरातनं जाती, भामे. पानी त्यांच्या इहिरीचं. मी काय करू?"

मला तिला तोंडभरून शिव्या द्यायच्या होत्या. पण कुठल्या तोंडानं देणार होतो?

भामाबाई पुढं गेली आणि बयाबाईच्या पोळपाटासमोर उभी राहिली. "म्हन आता. कुनी मारलं मला?"

"पप्पूनं," बयाबाई पुटपुटली.

"मोठ्यानं म्हन."

बयाबाईनं दाराकडं बघितलं. आचारी आत येत होता. तिनं लाटणं उचललं आणि पोळी लाटायला लागली.

"मी हितंच हाय," भामाबाई म्हणाली, "तू म्हनंस्तवर."

आचाऱ्यानं तिला दोनदा हाक मारली, भाजी राहिलीय म्हणून. ती हलली नाही. मी निघालो तेव्हा चार वाजले होते, पोळ्यांची दुसरी परात भरत आली होती, आणि भामाबाई तिथंच उभी होती.