न बोलणाऱ्या आजोबांची भूमिका

अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या इंग्रज काकांना होता येणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. लंडनच्या रंगभूमीवर त्यांनी राजे केले, हुजरे केले, एका नाटकात तर खुनीही तेच आणि इन्स्पेक्टरही तेच. सिनेमात मात्र अमेरिकेनं त्यांना कायम खलनायक केलं. "इथे माझे उच्चार ऐकले की लोकांना निम्मा गुन्हा कबूल झाल्यासारखा वाटतो," असं ते म्हणत. म्हातारपणी मुलीकडे राहायला आले, तरी अभिनय काही सुटला नाही. कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेताना ते कधी पदच्युत सम्राट असत, तर कधी गुडघेदुखीनं बेजार झालेला चोर. नागपूरहून आलेल्या माझ्या आईला इंग्रजी अजिबात येत नव्हतं, पण खिडकीतून बघत ती म्हणायची, "आज ह्यायचं राज्य गेलेलं दिसते न बाप्पा!"

२००६च्या गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक होतं. अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या आजोबांचं काम करणारे गृहस्थ ऐन वेळी ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी दुसऱ्या राज्यात, चँडलरला गेले. मी शेजारी गेलो. "काका, एक रोल आहे. डायलॉग एकही नाही."

ते एकदम गंभीर झाले. लंडनच्या शेवटच्या नाटकात भर प्रयोगात त्यांना वाक्य आठवेना. पडदा पाडावा लागला होता. सिनेमात पुन्हा टेक घेता येतो, म्हणून तेवढं चालू राहिलं. रंगमंचावर मात्र ते परत चढले नव्हते. "नक्की बोलायचं नाही ना?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग आईसमोर बसून धोतर कसं सावरायचं, सून आली की म्हातारा मान कशी वळवतो, हे मन लावून शिकले.

मुलाचं काम माझं होतं. दुसऱ्या अंकात त्यांच्या पलंगाशी बसलो आणि माझं डोकं कोरं झालं. सभागृह गच्च भरलेलं, विंगेतून प्रॉम्प्टर ओरडतोय, पण मला काही ऐकूच येईना. काकांना मराठी कळत नव्हतं. पण वाक्य हरवलेल्या माणसाचे ते डोळे त्यांच्या ओळखीचे होते. एक हात पाण्याच्या भांड्याकडे नेत त्यांनी घशातून असा आवाज काढला, की मी उठून त्यांना पाणी पाजू लागलो. माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं आणि वाक्य आठवेपर्यंत सोडलं नाही. समोर बायका डोळे पुसत होत्या.

विंगेत आल्यावर ते स्वतःच कापत होते. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी त्यांनी जवळच्याच एका छोट्या नाट्यसंस्थेत चक्क बोलायची भूमिका घेतली. आम्ही पहिल्या रांगेत होतो. एका वाक्याच्या मध्यावर ते थांबले. त्या शांततेनं प्रेक्षक भारावून गेले; मी मात्र खुर्चीचे हात आवळून बसलो होतो. मग ते किंचित हसले आणि उरलेलं वाक्य सावकाश बोलले. ते नाटककाराचं होतं की त्यांचं स्वतःचं, हे मी कधी विचारलं नाही. आणि आता विचारायला ते नाहीत.