आमच्या लॅबमधले खरेखोटे दगड

रावपुऱ्यात आमची खनिजं तपासायची छोटी लॅब आहे. येणारा प्रत्येक जण दगडासोबत त्याची एक गोष्टही आणतो. दगड परत जातो, गोष्ट आमच्याकडे राहते. मी, आमच्या फडके मॅडम आणि परेशभाई, आम्हा तिघांचा आता कशावरच पटकन विश्वास बसत नाही.

करजणचे एक काका विहीर खणताना सापडलेला चमकता पिवळा दगड रुमालात बांधून घेऊन आले. मॅडमनी तो पांढऱ्या, खडबडीत फरशीच्या तुकड्यावर घासला. काळपट रेघ उमटली.

"काका, सोन्याची रेघ पिवळी येते. हे पायराइट आहे. लोखंड आणि गंधक."

"बेन, फरशी बदला."

बदलली. रेघ काळीच. काकांनी दगड गुंडाळला आणि जाताना परेशभाईंना हळूच विचारलं, "या बेन कधी करजणला येतात का?" पुढे कळलं, घरी जाऊन त्यांनी विहिरीवर राखणदार बसवला होता.

वाघोडियाच्या एका कारखान्यात डोलोमाइटच्या खड्यांची गोणी आली. तो तपासायला गेलेल्या परेशभाईंनी वरच्या खड्यावर पातळ अ‍ॅसिडचा थेंब टाकला. थेंब गप्प बसला, म्हणजे माल बरोबर. तरी त्यांना राहवेना. कोपरापर्यंत हात घालून तळाचा खडा काढला, तर त्यावर थेंब सोड्यासारखा फसफसला. साधा चुनखडीचा दगड!

माल आणणारा माणूस जराही न गडबडता म्हणाला, "साहेब, सॅम्पल वरूनच घ्यायचं असतं."

मॅडमच्या भाचीच्या साखरपुड्यात मुलाकडच्यांनी हिऱ्याची अंगठी घातली. मॅडमनी कौतुकाने तिचा हात जवळ घेतला आणि हिऱ्यावर अलगद तोंडाची वाफ सोडली. खऱ्या हिऱ्यावरची वाफ क्षणात विरते. तशी ती विरली. मॅडमनी समाधानाने वर पाहिलं, तर समोर विहीणबाई.

"तुम्ही मुलाला दिलेलं कडं आम्हीही सोनाराला दाखवून आणलं," त्या म्हणाल्या.

आणि हे जोशीकाका. आई गेल्यावर तिची माणकाची अंगठी त्यांच्याकडे आली होती. ती बहिणीला द्यायची, म्हणून आधी तपासायला आणली. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आत गोल बुडबुडे दिसले. काच.

काका खुर्चीत बसूनच राहिले. "सुधाला वाटेल, मीच खडा बदलला," एवढंच म्हणाले आणि अंगठी घेऊन गेले.

महिन्याभराने सुधाताई आल्या. हातात तीच अंगठी. "दादाने दिली. जरा बघता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मॅडमनी अंगठी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ डोळा हलवला नाही. बुडबुडे नव्हते. माणकात असतात तशा रेशमासारख्या बारीक सुया होत्या.

"माणिक आहे. खरं," मॅडम म्हणाल्या.

"नीट बघा हो."

"नीटच बघितलं."

सुधाताईंनी अंगठी बोटात घातली, काढली, पुन्हा घातली.

"कसं शक्य आहे? आईने माणिक विकलं, तेव्हा मी तिच्यासोबत होते."