सातावर संपणारे भाजक

"सातावर आणि नवावर संपणारे मर्व्हचे, त्यांना मी हात लावत नाही," असं क्लॅरी ट्रेगेन्झा मला एकदा म्हणाला होता.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू बंदराच्या धक्क्यावरच्या वजनकाट्यावर तो आणि मर्व्ह पेनहॉल एकतीस वर्षं होते. गहू पोत्यांतून जायचा बंद झाला, काटा मोडीत निघाला. त्या दिवशी फळ्यावर शेवटचा आकडा होता, ८८,३२,२२१ पोती.

"याला कशानंच भाग जाणार नाही," मर्व्ह म्हणाला.

"बघू की," क्लॅरी म्हणाला.

मूळ संख्या त्यांनी वाटून घेतल्या. एक आणि तीनवर संपणाऱ्या क्लॅरीच्या, सात आणि नऊवर संपणाऱ्या मर्व्हच्या. २९७१ला थांबायचं, कारण त्यापुढचा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार २९७१च्या आतच सापडला असता. दर शनिवारी क्लबात मी वाढलेली पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात प्रत्येकी एक भागाकार, जुन्या वजनपावत्यांच्या पाठीवर. मर्व्ह बोलता बोलता उरकायचा. क्लॅरी घरी जाऊन पुन्हा गुणून बघायचा. एकट्याचं घर, भिंतीवर भाजकांची यादी, बाकी ओलीचे डाग.

चार वर्षांनी यादी संपली. बाकी शून्य कुठेच आली नव्हती. मर्व्ह त्याच हिवाळ्यात गेला. त्याच्या बायकोनं, एडनानं, धक्क्यावर त्याच्या नावाचा बाक करायला टाकला. त्यावर तो आकडा कोरायचा आणि खाली, 'मर्व्हची मूळ संख्या'. लाकडात जाण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून क्लॅरीनंच तो आकडा शाळेतल्या जॅनेट रॉडाबाईंकडे दिला. शाळेत नुकताच कॉम्प्युटर आला होता.

शनिवारी बाई कागद घेऊन क्लबात आल्या, तेव्हा एडनाही तिथं होती. "२१३७ गुणिले ४१३३," त्या म्हणाल्या. "भाग जातो, क्लॅरी."

एडनानं कप खाली ठेवला. "म्हणजे तुमच्यातला एकजण चुकला. कुणाच्या वाट्याचं होतं हे?"

क्लॅरीनं कागद आपल्याकडे ओढला. मग त्यानं ४१३३वर बोट ठेवलं. "तीनावर संपतो. माझा."

बाईंनी तोंड उघडलं. ४१३३पर्यंत तर ते दोघे कधी गेलेच नव्हते. मी पेस्टीची बशी बाईंच्या पुढे सरकवली. "घ्या बाई, गार होतेय."

एडनाचे खांदे सैल झाले. "मर्व्ह म्हणायचाच, हा नुसता पडताळत बसतो, एक दिवस घसरणार बघ. चार वर्षं घालवलीस रे त्याची. आता बाकावर नुसतं नाव घालते. त्याला तरी तुझा हात लागलेला नाही."

क्लॅरीनं कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली, टोपी घेतली आणि बाहेर पडला.