फिटरने उडवलेली लायब्ररी

पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून घासल्यावर त्याने घरी बसून लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमची पॅकेजं बांधायचं काम अंगावर घेतलं. बिनपगारी. कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम लोकांच्या कॉम्प्युटरवर नीट बसेल अशी त्याची बांधणी करायची.

त्याचा एक हट्ट होता. लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार सुटा भाग. सिस्टिममध्ये ती एकच असते, सगळ्यांना मिळून. तरी बरेच लेखक आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात तिची वेगळी प्रत कोंबून पाठवतात. दोष निघाला तर सिस्टिमची लायब्ररी एकदा दुरुस्त केली की भागतं. पोटातल्या प्रती तशाच कुजत राहतात. म्हणून फिटर आधी ती प्रत उडवायचा, मग बाकीचं बघायचा. साठ-सत्तर प्रोग्रॅम त्याने असे साफ केले होते.

त्यातला एक थोरल्या भावाच्या कामाचा. दादा अधू पायांसाठी बूट बनवायचा. पायाचं माप कॉम्प्युटरवर आखायचं, आतला तळ मशीन कापायचं. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली तशी फिटरने प्रत उडवली, सिस्टिमची लायब्ररी जोडली. चाचण्या पास झाल्या. दादाकडे चढवून दिली.

तीन आठवड्यांनी दादाने त्याला दुकानात बोलावलं. बाकावर एक उसवलेला बूट होता.

"हात घाल."

फिटरने घातला. करंगळीच्या बाजूला बोट अडलं. गोलाई हवी तिथे कोपरा होता.

"दीड मिलिमीटर," तो म्हणाला.

"माप तुझं बरोबरच असतं रे. हा बूट ज्यांचा, त्या बाईंच्या पायाला साखरेमुळे काही कळत नाही. दिवसभर उभ्याने शिकवतात. मोज्याला रक्त दिसलं तेव्हा समजलं. आता दवाखान्यात आहेत."

"मशीन तपासलंस?"

"मशीन, पातं, चामडं. माझी अक्कलसुद्धा, तुझ्या वहिनीने तपासून दिली. आता तुझं काय ते तू बघ."

फिटर घरी गेला. लेखकाने कोणत्या आवृत्तीची प्रत घेतली याची नोंद नव्हती. लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या एकेक उतरवून त्याने उडवलेल्या प्रतीशी ताडून पाहिल्या. नवव्या आवृत्तीशी सगळं जुळलं, सात ओळी सोडून. लहान वळणं सरळ होऊ नयेत म्हणून लेखकाने त्या स्वतः बदलल्या होत्या. एका दुपारचं काम. उडवण्याआधी तेवढं करायचं त्याने टाळलं होतं.

सात ओळी त्याने सिस्टिमची लायब्ररी सांभाळणाऱ्यांना पाठवल्या. इतर प्रोग्रॅम मोडतील, विचार करू, असं उत्तर आलं. मग त्याने ती प्रत परत प्रोग्रॅमच्या पोटात घातली. असं त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं. तिच्यात पुढे निघेल तो प्रत्येक दोष आता त्यालाच शोधावा लागणार होता. प्रोग्रॅम वापरणाऱ्या सगळ्यांना चूक आपली असल्याचं त्याने कळवलं, आणि दुरुस्ती घेऊन दुकानात गेला.

"पन्नास तळ कॉम्प्युटरवर आखून मोजलेत, दादा."

"आधी किती मोजले होतेस?"

"एकही नाही."

मशीनवर चादर टाकलेली होती. दादाच्या पुढ्यात कागदावर पेन्सिलीने आखलेला एक आखूड पाय होता. बाईंच्या पायाचा पंजा कापावा लागला होता.

दादाने सुरी उचलली. कागद चामड्यावर ठेवला. फिटरने चामड्याची पलीकडची कड धरली.

"घट्ट धर," दादा म्हणाला. "आणि मध्ये बोलू नकोस."