वंदीच्या बाल्कनीचं उघडं दार

अशा सदरांतले अनुभव मी वाचते, पण पोळ्या लाटताना बाजूला मोबाईल लावून ठेवावा, तेवढ्याच मनाने. कुणाला विहिरीपाशी बाई दिसली, कुणाच्या खांद्यावर हात पडला... हसायचं आणि पुढे सरकवायचं. आमच्या चाळीत अमावस्येला लिंबू उतरवून टाकणारे पुष्कळ होते, आणि तेच लिंबू सकाळी लाथेने उडवत शाळेत जाणारी मी होते. त्यामुळे हे मी लिहायला बसलेय याचं मलाच नवल वाटतंय. शिवाय हे धड माझ्या बाबतीत घडलेलंही नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत घडलं. माझं सगळं दुखणं तेच आहे.

लालबागला आमची चाळ — दुसरा मजला, जिन्याला लागून खोली. बाबा मिलच्या साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर. तिथे आवाज इतका, की शेजारच्याने कानात ओरडलं तरी कळायचं नाही. म्हणून ती माणसं हातांनी बोलायची. 'साहेब आला', 'चहा सांग', 'तुझा धागा तुटला' — सगळं हातांनी. बाबा घरीही तसंच बोलायचे. आईला त्याचा राग यायचा. "घरात तोंड नाय काय?" असं तिचं मालवणीत सुरू व्हायचं. पण बाबांनी मोरीतून नुसता हात हलवला की मी टॉवेल नेऊन द्यायचे. आमच्या दोघांचंच काहीतरी होतं ते.

संप झाला तेव्हा मी सहावीत होते. पहिल्यांदा सगळे म्हणत, महिन्याभरात मिटेल. नाही मिटला. बाबा शिवडीला गोदामांत गोणी उचलायला जाऊ लागले. तेही काम रोज मिळेना, तेव्हा कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या एका ओळखीच्याने त्यांना बोटीवर खलाशी म्हणून नेलं. दोन-तीन फेऱ्या झाल्या. पुढच्या फेरीला बोट परत आली, बाबा आले नाहीत. सकाळी बोटीच्या मागच्या अंगाला बसले होते, जाळं ओढायला हाक मारली तर नव्हते... एवढंच सांगितलं त्या लोकांनी. बाबा सापडले नाहीत.

आई तेव्हा गरोदर होती. वंदना त्यानंतर जन्मली.

'पोरीने बापाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही' म्हणून आख्खी चाळ वंदीचे लाड करायची. दुधावरची साय तिला, सणाला नवा फ्रॉक तिला. दहावीनंतर मी परळला औषधं पॅक करायच्या कारखान्यात लागले आणि वंदी शिकली. ताईने केवढं केलं, असं लोक म्हणतात. केलं खरं, पण हसत हसत केलं असं मी म्हणणार नाही. आज वंदी करी रोडला टॉवरमध्ये राहते. पाहुण्यांना खिडकीतून आमची चाळ दाखवते — "ती कौलं दिसतायत ना, तिथे वाढले मी." मी अजून तिथेच राहते, हे सांगायचं मात्र तिच्या लक्षात राहत नाही.

तर क्रूझ. वंदीचा फोन आला, "ताई, मी आणि समीर चाललोय, तुमचंही बुक केलंय. नाही म्हणायचं नाही." समीर म्हणजे तिचा नवरा. मुंबईहून निघून गोव्यापर्यंत आणि परत. बॅलार्ड पिअरला एवढं मोठं जहाज पाहून माझे यजमान तर टोपी सावरत वरच बघत राहिले. मीही हरखले होते... केबिनमध्ये जाईपर्यंत. आमची केबिन आतल्या बाजूची. पलंगामागे छान पडदा होता, तो मी हौसेने सरकवला तर मागे भिंत! खिडकीच नाही. वंदीची केबिन वरच्या डेकवर, काचेचं सरकतं दार, बाहेर बाल्कनी, दोन खुर्च्या, खाली समुद्र.

"बाल्कनीवाल्या संपल्या होत्या गं," ती म्हणाली.

असतीलही संपल्या.

जहाज निघाल्यापासून वंदीने ते दार उघडं टाकलं. वाऱ्याने पडदे छताला लागत होते, बाहेरून कोणी केबिनचं दार उघडलं की ते धाडकन आपटत होतं. केबिन सांभाळणारा माणूस दोनदा सांगून गेला, "मॅडम, बाल्कनी का दरवाजा बंद रखिए, एसी काम नहीं करेगा." वंदी हो म्हणायची आणि त्याची पाठ वळली की पुन्हा उघडायची. समीर वैतागून पत्ते खेळायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर तिने माझा हात धरला.

"ताई, वर चल. आणि हसू नको."

केबिनमध्ये आल्यावर म्हणाली, "दार उघडं ठेवलं ना, की बाल्कनीत कोणीतरी येऊन उभं राहतं. कठड्याला टेकून. काल संध्याकाळी आलं, आज सकाळीही."

"समीर असेल."

"बाबा आहेत, ताई."

भीती वाटली नाही मला. अंगावर काटा वगैरेही नाही. छातीत एकदम काहीतरी पेटलं — हिच्याकडे? जिला ते ओळखतही नाहीत, तिच्याकडे?

"फोटो पाहिलाएस म्हणून तसं वाटतंय," मी म्हटलं.

"फोटोतल्यासारखे नाहीत गं. फोटोत केवढे भरलेले आहेत. हे बारीक आहेत. अंगात बनियन. आणि केस पांढरे, पण म्हातारपणाचे नाहीत... कापूस चिकटल्यासारखे."

 बाबा पाळीवरून यायचे तेव्हा तसेच दिसायचे. आई आधी पंच्याने त्यांचं डोकं झटकायची, मग आत घ्यायची.

"बोलले काही?"

"आवाज येत नाही. हात करतात नुसते. असे." तिने दोन्ही तळवे एकमेकांजवळ आणले. मग चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि चिमूट फट्‌कन उघडली. "दोन्ही वेळेला हेच."

मला ते क्षणात कळलं. दार लाव, सूत तुटतंय. साचेखात्यात वारा आला की सूत सुकून तुटायचं, म्हणून तिथे दारं-खिडक्या बंद ठेवत. घरी स्टोव्हला वारा लागला की बाबा मला हीच खूण करायचे.

"दार लाव म्हणतायत," मी म्हटलं.

वंदी माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे ते येऊ नयेत म्हणून?"

"अगं, खरंच त्याचा अर्थ—"

"तुला बघवत नाही ताई. माझं काहीच तुला कधी बघवलं नाही. टॉवरमध्ये आले तेव्हा नाही, आणि आता हेही नाही!"

 न बघवण्याचं खरं होतं, आणि अर्थही खराच होता.

दुपारी मी तिला सांगितलं, मला थोडा वेळ एकटीला बसू दे इथे. गेली बिचारी. मी दार पूर्ण उघडलं, खुर्ची दारासमोर घेतली. समुद्र, कठडा, ऊन. मी हातांनी हाका मारल्या. मला येत होतं ते सगळं बोलले... साहेब आला, चहा सांग, धागा तुटला. वेड्यासारखी. नंतर तोंडानेही बोलले — "बाबा, मी आहे ओ. थोरली." शेजारच्या बाल्कनीतल्या बाई वाकून बघून गेल्या. बाकी कोणी आलं नाही.

वंदी परत आली तेव्हा मी पलंगावर बसून रडत होते. ती पलंगाच्या कडेला माझ्याजवळ बसली. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाली, "आले बघ."

"कुठे?"

"तिथेच. तुला दिसत नाहीत?"

मला कठडा दिसत होता. त्यापलीकडे उन्हात चकाकणारं पाणी. एवढंच.

"विचार त्यांना... नको, मीच विचारते." मी हात वर केला आणि जेवलात का, असं विचारलं.

"हसले," वंदी म्हणाली. आणि तिने आपले दोन्ही हात कानांपाशी नेऊन पीळ घातल्यासारखे फिरवले. "असं करतायत. काय हे?"

 साच्यांच्या गोंगाटात नावं घेता येत नसत, म्हणून तिथे प्रत्येकाला हाताचं नाव असायचं. बाबांनी मला दिलेलं नाव हे — दोन वेण्या. आई कामाला गेली की माझ्या वेण्या तेच घालायचे.

"नाव आहे ते," मी म्हटलं.

"माझं?"

तिचा चेहरा असा झाला होता, की हो म्हणून टाकावंसं वाटलं. पण नाही म्हटलं मी. ते एकच माझं होतं.

"माझं. तू तेव्हा जन्मली नव्हतीस, वंदी. तुला नाव पडलंच नाही."

 ती माझ्याकडे न बघता, बाल्कनीकडेच बघत म्हणाली, "तुला मिळाले तरी ते. मला काय मिळालं? एक फोटो. आणि तुझं आपलं रोजचं, बाबा असे होते, बाबा तसे होते. एवढा राग यायचा ना मला तुझा लहानपणी! आताही येतो."

इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते. ती माझ्यावर जळत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "पुन्हा करतायत. आधी वेण्या. मग हे." तिने छातीवर दोन बोटं ठोकली, तळहात आडवा लांब फिरवला आणि बोटं डोळ्याखाली टेकवली. "हे काय, ताई?"

ही खूण मला येत नव्हती. मी पुन्हा करायला लावली, तरी नाही कळली. तेवढ्यात वंदी म्हणाली, "गेले." आणि मग ती स्वतःच उठली आणि दार सरकवून लावलं. खोली एकदम शांत झाली.

परतीच्या वाटेवर तिने दार पुन्हा उघडून पाहिलं. कोणी आलं नाही. आता टॉवरमधल्या खिडक्याही उघड्या ठेवते म्हणे.

माझे यजमान म्हणतात, लहानपणी तू हात करायचीस, ते वंदीच्या डोक्यात कुठेतरी राहिलं असणार. वेण्यांचं आणि दाराचं मी मान्य करते. पण ती शेवटची खूण? ती मलाच येत नव्हती, तर तिने माझ्याकडून कुठून उचलली?

बाबांच्या शेजारच्या साच्यांवर महादेवकाका होते. लालबागलाच असतात, फार थकलेत. त्यांच्यासमोर मी ती खूण करून दाखवली. त्यांनी लगेच, जरा नीट करून, तीच खूण मला उलट करून दाखवली.

"तुला कोणी शिकवली गो ही?"

"अर्थ काय काका?"

"मी जरा जाऊन येतो, तोवर माझे साचे बघ. शेजारच्याला सांगायचं. ज्याच्यावर भरवसा असेल त्याला."

"बाबांनी घरी कधी नाही केली."

"घरी कशाला करेल? घरी साचे होते काय?"

घरी आल्यावर मी वंदीला फोन केला. अर्थ सांगितला. आणि विचारलं, "ते करताना बाबा कोणाकडे बघत होते?"

 ती म्हणाली, "माझ्याकडे, ताई. वेण्या केल्या तेव्हा तुझ्याकडे बोट केलं. मग ते माझ्याकडे बघून."

म्हणजे तिला सांगून गेले. हिला बघ म्हणून. आई मी बघितली, घर मी बघितलं, वंदीला मी वाढवलं — आणि माझ्याकडे बघायला तिला सांगितलं. त्या दिवसापासून तिचा रोज फोन येतो, जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी उचलते, आणि अजून जळते.

वंदी खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. ते कसं घडलं, हे मला माहीत नाही. कोणाला असं काही ठाऊक असेल तर सांगा. मला एवढंच कळत नाही, की मी तिथेच होते. त्याच पलंगावर, तिला लागून, उघड्या दारासमोर. मला का दिसले नाहीत?