शेजारच्या खाटेचं ताक

धुळ्याच्या दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवर साक्रीकडचा एक म्हातारा होता. त्याची बायको रोज सकाळच्या एसटीने किटलीभर ताक घेऊन यायची. किटलीच्या तोंडाला फडकं बांधलेलं असायचं. ती दिसली की म्हातारा विचारायचा, "ताक लई उनी का?" ती किटली हलवून, आणलंय म्हणून त्याला आवाज ऐकवायची आणि ताक मात्र माझ्या आईला द्यायची.

जड गोळ्यांनी आईचं पोट बिघडलं होतं. ताज्या ताकातले जंतू पोट सावरतात, रोज द्या, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. म्हाताऱ्याला कॅन्सर. औषधांनी त्याच्या अंगात इतका कमी जोर उरला होता, की तेच जंतू त्याच्या रक्तात शिरायची भीती होती.

"मग अक्का, एवढ्या लांबून आणता कशाला?" मी एकदा विचारलं.

"इरजन मोडाले नको, भाऊ. त्या बरा व्हतीन तवय लागी ना." तो बरा होऊन ताक मागेल तेव्हा घरचं विरजण मोडलेलं नसावं, म्हणून ती रोज ताक करायची.

एका सकाळी डॉक्टर तिच्याशी व्हरांड्यात बोलले. आत येऊन तिने ताकाचा ग्लास पहिल्यांदाच नवऱ्याच्या ओठांना लावला. ते पाहून आईला बरं वाटलं. तिने विचारलं, "पथ्य सुटलं का हो? आता सगळं चालतं?"

"डॉक्टर म्हनतस, आते बठ्ठं चालस," ती आमच्याकडे न बघता म्हणाली.

माणूस हातचा गेला की डॉक्टर पथ्य सोडवतात, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. म्हाताऱ्याने ग्लास संपवला आणि उद्या मीठ जरा कमी टाक म्हणून बजावलं. तिने मान हलवली आणि पदराने त्याच्या मिशा पुसल्या.