पुरातला शिवडा

मला हे नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. त्या वर्षी मी बेळगावात कॉलेजला होतो आणि आप्पांच्या आजारपणामुळे गावी परतलो होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला. ताप उतरला होता, पण अन्न तोंडात धरवत नव्हतं. आई पेज भरवायची, ते मान फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, "जे मागतील ते द्या. पोटात काहीतरी गेलंच पाहिजे." घराबाहेर येऊन त्यांनी मला हेच पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता.

एका सकाळी आप्पा आपणहून बोलले, "शिवड्याचं कालवण असतं तर चार घास खाल्लं असतं."

आईनं माझ्याकडं बघितलं.

शिवडा म्हणजे आमच्या नदीतला मोठा शिकारी मासा, आणि वेदगंगा दोन्ही काठ भरून चालली होती. भोयांनी जाळी कधीच वर घेतली होती. गांडुळाचा गळ त्या ओढीत टिकत नव्हता. माझ्याकडं फक्त एक चमचा होता. बेळगावात माझ्या खोलीशेजारी एक निवृत्त फौजी राहत. ते स्टीलच्या चमच्याची दांडी कापायचे, भोक पाडून मागं तीन तोंडाचा गळ अडकवायचे आणि तळ्यात फेकून ओढायचे. चमचा लहान माशासारखा डुलत पोहायचा आणि मोठा मासा त्याच्यावर झडप घालायचा. त्यातला एक त्यांनी मला दिला होता.

चुलतभाऊ माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला अण्णा म्हणायचो. तो सोबत निघाला.

"चमचा घेतलास, ताट कुठं हाय?"

"अण्णा, चेष्टा नको."

"बरं, न्हाय करत. कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय?"

आम्ही बंधाऱ्यावर गेलो. पावसाळ्याआधी बंधाऱ्याच्या फळ्या काढून टाकतात, त्यामुळं खांबांच्या मधून पाणी नुसतं उसळत होतं. मी नायलॉनची दोरी डब्याला गुंडाळली होती. चमचा खालच्या अंगाला फेकला आणि तळ्यात ओढतात तसा ओढला. तो पाण्यावर येऊन गरगरत राहिला. पुन्हा फेकला. पुन्हा तेच. दोरीनं बोटं सोलली. आप्पा घरी वाट बघत असतील, एवढंच डोक्यात होतं.

"भवरा झालाय त्येचा," अण्णा म्हणाला. "चल घरी."

मी फेकतच राहिलो. कितीतरी वेळानं ध्यानात आलं, इथं ओढायचं कामच नाही, ओढण्याचं काम पाणी करतंय. मग चमच्याच्या वर शिशाचा तुकडा बांधला आणि दोरी सैल सोडली. चमचा खांबाआडच्या संथ पाण्यात बुडाला, सरकत सरकत धारेच्या कडेला गेला आणि तिथं पोहायला लागला. त्याची थरथर मला बोटांत कळत होती.

मग दोरी हिसकली. अशी, की मी गुडघ्यावर आलो.

"लागला! अण्णा, लागला!"

अण्णानं मागनं माझी कंबर धरली. लांब पाण्यात राखाडी पाठ वर आली, पुन्हा गेली. शिवडाच होता, हातभर तरी. तो आडवा धावला आणि दोरी पुढच्या खांबावर घासायला लागली. खांबाच्या खाचेला लोखंडी पट्टी होती.

"सैल सोड रं! कापंल!"

"सोडला तर जाईल!"

"आरं, सोड म्हणतो न्हवं!"

मला सोडवेना. दोरी ताणली, मग एकदम हलकी झाली. आम्ही दोघं मागं आपटलो. अण्णानं रिकामा डबा उचलला आणि माझा हात धरून काठावर आणलं.

आमच्याकडं मासा उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय मसाला वाटत नाहीत. नदी ऐकते आणि मासा देत नाही, म्हणतात. घरी पोचलो तर आई पाट्यावरनं मसाला काढत होती. आप्पांनी भिंतीला टेकून बसवून घेतलं होतं आणि हात धुवून ते ताटाची वाट बघत होते.

आईनं माझ्या हातांकडं बघितलं. मग मसाला फोडणीला टाकला, चिंच घातली, पाणी ओतलं. नुसतंच कालवण. भात कुसकरून त्यात भिजवला आणि आप्पांपुढं ठेवला.

आप्पांनी घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला.

"काटं न्हाईत?"

"काढल्यात," आई म्हणाली. "खावा."

आणखी दोन घास त्यांनी गिळले. अण्णा उठून बाहेर गेला. मी तिथंच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला जवळ बोलावलं. "आज न्हाईस जात नदीला?"

बंधारा रात्रीत पाण्याखाली गेला होता.

"जातो की, आप्पा," मी म्हटलं आणि चप्पल शोधायला लागलो.